गल्ल्यामागची पाटी

कराडच्या एसटी स्टँडजवळ आमचं मिसळ-चहाचं हॉटेल आहे. आठ टेबलं, पहाटे पाचला भट्टी पेटते. गल्ल्यामागे वडिलांच्या काळापासून पत्र्याची एक पाटी होती : ‘प्रवेश देणे न देणे मालकाच्या मर्जीवर’. धुरानं काळवंडलेली ती लाल अक्षरं मी रोज पाहायचो, पण त्यांचा कधी विचार केला नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी एक तृतीयपंथी ताई आत येऊन बसल्या. मिसळ सांगितली. शेजारचे दोघं उठून दुसऱ्या टेबलावर गेले. वेटर पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी गप्प बसलो, म्हणून त्यानंच विचारलं, “पार्सल बांधून देऊ का?” ताई म्हणाल्या, “मी पार्सल मागितलंय का, शेठ?” प्रश्न त्याला नव्हता, मला होता. त्या उठून गेल्या, आणि मी गल्ल्यावरून हललो नाही. ते अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी रोज चहाला येणाऱ्या वकीलकाकांना विचारलं, ही पाटी कायद्यात बसते का? ते म्हणाले, अर्धी बसते.

दारू पिऊन दंगा करणाऱ्याला मी बाहेर काढू शकतो. उधारी नाकारू शकतो, बंद करायच्या वेळेला ‘आता भट्टी विझली’ म्हणू शकतो. मी मटण रांधत नाही, म्हणून कोणी माझ्यावर दावा लावणार नाही. काय विकायचं हे मी ठरवतो. पण जे विकायला मांडलंय ते कोणाला द्यायचं नाही, हे माणसाच्या जन्मावरून मला ठरवता येत नाही. संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन लिहिलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणा नागरिकाला तिथं अडवता येणार नाही. एरवी मूलभूत हक्क बहुतेक सरकारच्या विरोधात मागायचे असतात. हा थेट माझ्यासारख्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला बांधतो.

‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न संविधान सभेतही आला होता. २९ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा अर्थ शक्य तितका रुंद केला : येईल त्याला मालक जिथं आपली सेवा द्यायला तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. मग त्यात लाँड्री आली, केशकर्तनालय आलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच चर्चेचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही त्यात मोजल्या.

हा अर्थ बाबासाहेबांनी नुसत्या पुस्तकातून काढला नव्हता. आमच्या कराडजवळच्या मसूर स्टेशनवर १९०१ मध्ये लहानगे भीमराव भाऊ-भाच्यांसोबत उतरले होते. वडील गोरेगावला नोकरीला होते, तिकडं जायचं होतं. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार या अटीवर. आज रिक्षावाल्यानं भाडं नाकारलं की आपण चिडतो. मसूरवरून जाताना मला ती गाडी आठवते.

माझ्या वडिलांनी लहानपणी आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर वेगळे कप पाहिलेत. छपराबाहेर खिळ्याला टांगलेले, ज्याचं त्यानं विसळून ठेवायचे. १९५५ चा कायदा, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख करतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश, भांडी, माल किंवा सेवा नाकारली तर एक ते सहा महिने कैद आणि दंडही. दंड मात्र शंभर ते पाचशे रुपये, आमच्या एका टेबलाच्या सकाळच्या बिलाइतका. मला त्यापेक्षा दुसरी दोन कलमं मोलाची वाटतात. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल, तर नकार अस्पृश्यतेपोटीच दिला असं न्यायालय धरून चालतं, तसं नव्हतं हे मालकानं सिद्ध करायचं. आणि माल किंवा सेवा नाकारल्याचा गुन्हा शाबित झाला तर धंद्याचा परवानाही जाऊ शकतो.

त्या ताईंच्या बाबतीत २०१९ चा कायदा लागू होतो. सगळ्यांना खुल्या असलेल्या जागी तृतीयपंथी व्यक्तीला अडवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद. काका हे सांगत होते तेव्हा वेटर पोरगा ट्रे धरून उभा होता. चूक त्याची नव्हती. मी गप्प बसलो, त्याचा अर्थ त्यानं लावला. त्याच संध्याकाळी सगळ्या पोरांना बसवून सांगितलं : बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पार्सल नाही. पाटी काढली. भिंतीवर तेवढा पांढरा चौकोन राहिलाय. त्या ताई मात्र परत आल्या नाहीत.

घराचं काय, हे काकांना मी नंतर विचारलं, कारण आमच्या भट्टीवरच्या पोराला खोली मिळेना. फोनवर सगळं ठरतं, आडनाव सांगितलं की खोली ‘आधीच गेलेली’ असते. कलम १५ मध्ये दुकान आहे, हॉटेल आहे, भाड्याची खोली नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. घरमालक, दुकानदार, नोकरी देणारे सगळ्यांना एकत्र बांधणारा भेदभावविरोधी कायदा देशात अजून नाही. असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या टेबलावर बसून मिसळ खायला त्या पोराला कोणी अडवू शकत नाही, आणि रात्री पाठ टेकायला जागा द्यायला मात्र कलम १५ कोणाला बांधत नाही.

तो सध्या हॉटेलच्या माळ्यावर झोपतो. परवा मलकापुरात एक खोली पाहून आलो. या वेळी आडनाव मीच आधी सांगितलं. मालकीणबाई म्हणाल्या, घरात विचारून कळवते.