जुना टेम्पो घेताना: आधी चेसी, मग रंगरंगोटी

चाकण, म्हाळुंगे, भोसरी भागातल्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न सारखा येतो. "ताई, कंपनीच्या गेटजवळ पोळीभाजीची गाडी लावायची आहे. नवी गाडी परवडत नाही. जुना टेम्पो घेऊन वर स्वयंपाकाची खोली बांधली तर चालेल का?" आज त्याविषयी बोलूया.

चालेल, पण तपासून घेतला तर. पुण्यात 2016 पासून भंगारात निघालेल्या शहर बसगाड्या दुरुस्त करून त्यात बायकांसाठी स्वच्छतागृहं केली गेली. 'ती' हे त्यांचं नाव. जुन्या गाडीतून कामाची खोली होऊ शकते, हे त्यातून दिसलं. पण त्या बसगाड्या एका जागी उभ्या असत. आपला टेम्पो रोज रस्त्यावर धावणार, आणि आत गॅसही पेटणार. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वरचा डबा बदलता येतो, पण खालची चेसी आणि गाडीचे कागद खराब असतील तर गाडी फुकटही महागच.

आधी कागद. आरसी पुस्तकावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी जुळवून बघा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा, टॅक्स, थकलेले चलन विचारा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं आणि पर्यावरण करही लागतो. हा खर्च हिशोबात धरा. गाडी एकीच्या नावावर आणि पैसा सगळ्यांचा असेल, तर तसा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

मग चेसी. गाडी रॅम्पवर चढवून आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला खालून दाखवा. नवा काळा रंग मारलेला दिसला की जास्त बारकाईने बघा. पेचकसाच्या टोकाने टोचून पाहा. पोपडा निघाला तर तो वरचा गंज, टोक आत गेलं तर लोखंड कुजलं आहे. वरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड लावून थांबवता येतो. कुजलेल्या, वाकलेल्या किंवा तडा जाऊन जोडलेल्या चेसीच्या नादी लागू नका.

तिसरं म्हणजे पाणी. जुन्या डब्याचा खरा शत्रू तोच. टपाच्या सांध्यातून आत झिरपतं, प्लायवूड फुगतं, खालचा पत्रा आतून सडतो. व्यवहाराआधी टपावर दोन बादल्या पाणी ओता आणि आत बसून कोपरे बघा. दुरुस्तीतही क्रम हाच ठेवा: आधी टप आणि सांधे, मग जमीन, मग ओटा आणि वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी. रंग आधी दिला आणि गळती नंतर सापडली, तर खर्च दोनदा होतो.

चौथं, वजन. 'छोटा हत्ती' म्हणतो ती टाटा एस 2005 साली आली, तेव्हा तिची क्षमता सुमारे 750 किलो होती. आपल्या गाडीची क्षमता आरसीवरून काढा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. त्यात लोखंडी सांगाडा, ओटा, सिलिंडर, भांडी मिळवा. डबा तयार झाला की वजनकाट्यावर नेऊन खात्री करा. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा, नाहीतर वळणावर गाडी झुकते.

गॅसबाबत तडजोड नको. धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिकच लागतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवा जायला जाळी हवी, आणि तो कप्पा स्वयंपाकाच्या जागेपासून वेगळा हवा. शेगडीजवळ थर्माकोल लावू नका. आग विझवायचं नळकांडं दाराशी ठेवा आणि प्रत्येकीला ते चालवता आलं पाहिजे.

आणि वेल्डिंगच्या आधी आरटीओ. मालवाहू गाडीचं रूप बदलायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, नंतर आरसीवर तशी नोंद करावी लागते. नोंद नसेल तर फिटनेस अडतं, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडू शकतात. आपल्या भागासाठी पिंपरी-चिंचवडच्या एमएच 14 कार्यालयात चौकशी करा. अन्न विक्रीची नोंदणी आणि गाडी उभी करायच्या जागेची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्याही आधीच विचारून ठेवा.

सखींनो, गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे विकणारा "आजच बयाणा द्या" म्हणाला तरी घाई करू नका. दोघीतिघींनी जा, मिस्त्री सोबत न्या, पाहिलेलं वहीत लिहा आणि बैठकीत वाचून दाखवा. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्या.