नळीला हात लावू नका

वाशी तालुक्यातला एक सरकारी दवाखाना. ऑक्टोबरातली संध्याकाळ, सात वाजून गेलेत. दारात पिकअप उभी आहे, हौद्यात सोयाबीनचा भुस्सा तसाच. काढणी ऐन भरात असताना ढिगाखाली हात घातला आणि पान लागलं, म्हणजे साप चावला, असं सोबतचा भाऊ सांगतो.

बाई तिशीच्या आतली. बोटावर दोन ठिपके, हाताचा पंजा सुजलेला, दंडाला करकचून बांधलेली ओढणी. डॉक्टर आधी शिरेत सुई लावायला सांगतात, सलाइन सुरू होतं, मग ओढणीची गाठ हळूहळू सैल करतात.

"वर बघा ताई. पापण्या जड वाटतात का? कसला होता?"

"जाडजूड. कुकरच्या शिट्टीवानी आवाज काढत होता."

घोणस असावी. पण ‘असावी’वर लस देता येत नाही. डॉक्टर दोन मिली रक्त काढतात, काचेच्या कोऱ्या नळीत सोडतात, नळी स्टँडमध्ये उभी करतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. सात वीस.

"आता नळीला हात लावू नका. कुणीच."

20 मिनिटांनी नळी एकदाच आडवी करायची. रक्त गोठलेलं असलं तर तूर्त थांबायचं. पाण्यासारखं वाहिलं, तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकद संपवली आहे असं समजायचं आणि लस सुरू करायची. वीज नको, मशीन नको. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या फुरशाच्या रुग्णांवरचं काम 1977 मध्ये छापलं, तेव्हापासून ही चाचणी गरीब देशांच्या दवाखान्यांत रुळली आहे. नळी मात्र काचेची हवी, कोरडी हवी. साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर धडधाकट माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही.

नळी ज्या टेबलावर आहे, त्याच टेबलावर केसपेपरचा गठ्ठा आहे, बीपीचं यंत्र आहे, कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा 2018 पासून आहे. तरी या खोलीत टेबल एकच. सही करायला वाकलेल्या माणसाचं कोपर स्टँडला लागणार, तेवढ्यात मामा मधे हात घालतात. मामा म्हणजे इथले शिपाई.

सात अठ्ठावीस. प्रसूतिगृहातून हाक येते, "डॉक्टर, डोकं दिसायलंय!" सिस्टर आधीच तिकडे आहेत आणि या पाळीला त्या एकट्याच आहेत. डॉक्टर नळीकडे बघतात, बाईकडे बघतात, मामांना म्हणतात, "घड्याळावर लक्ष ठेवा. त्यांना लघवी लाल झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच सांगा." आणि जातात.

आता खोलीत भाऊ, नवरा, गावातली आणखी चार माणसं आणि मामा.

"काचंकडं काय बघायलाव? इंजेक्शन द्या की. नाहीतर आम्ही बार्शीला न्यायलोत."

त्यांचं तरी काय चुकलं? समोर माणूस विव्हळतोय आणि दवाखाना घड्याळ बघत बसलाय. लस घोड्याच्या रक्तातून बनते, तिची रिॲक्शन जिवावर बेतू शकते. उलट घोणशीच्या दंशावर लस उशिरा दिली तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. हे त्यांना समजावून सांगायला एक मोकळा माणूस लागतो. तो इथे नाही.

श्रीलंकेत घोणशीच्या रुग्णांवर याच चाचणीचा दोनदा अभ्यास झाला. 2013 च्या अभ्यासात, रुग्णालयाच्या रोजच्या धबडग्यात केलेल्या चाचणीनं रक्त बिघडलेल्या 100 पैकी जेमतेम 40 जण ओळखले. 2017 च्या अभ्यासात नळी, रक्ताचं माप आणि वेळ काटेकोर पाळली, तेव्हा 82 ओळखले गेले. साप तोच, चाचणी तीच. मला तर वाटतं, असल्या चाचणीच्या प्रशिक्षणात डॉक्टरांबरोबर मामांनाही बसवावं.

"साहेब, वीस झाली!" मामा दारातूनच ओरडतात.

आत बाळ रडतंय. डॉक्टर हातमोजे उतरवत येतात, नळी उचलतात, आडवी करतात. रक्त सरळ काठापर्यंत येतं.

दहा कुप्या. प्रत्येकीत पांढरी पावडर, प्रत्येकीत 10 मिली डिस्टिल्ड वॉटर. गदागदा हलवायच्या नाहीत, फेस येतो; तळहातांत फिरवायच्या. डॉक्टर ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवतात, कुप्या फिरवायला बाळंतिणीबरोबर आलेल्या आशाताई बसतात. नवऱ्याच्याही हातात एक दिली जाते आणि मघापासून बार्शीची भाषा करणारा तो माणूस एकदम गप्प होऊन ती फिरवू लागतो.

पावणेआठला लस सुरू. तासभर ठिबकणार, पहिला काही वेळ डॉक्टर जागचे हलत नाहीत. अंगावर पित्त उठतंय का, श्वास कसा आहे, बीपी किती.

रात्रपाळीच्या सिस्टर येतात. डॉक्टर सांगतात, "पावणेदोनला परत नळी लावायची. मग सकाळी पावणेआठला."

त्या खण उघडतात. प्लास्टिकच्या नळ्या हव्या तेवढ्या.

"काचेच्या दोनच आहेत, सर. रात्रीतून दुसरं कुणी आलं तर?"

"तर सकाळची ह्यांची नळी तुमच्या दिवसपाळीच्या सिस्टर घेऊन येतील. आत्ताच फोन लावा त्यांना. मेडिकल बंद व्हायच्या आत."