लिनक्सवरील लॅपटॉपची निद्रा व पुनर्जागृती : दोषशोधनाची पद्धत

प्रस्तावना :
लॅपटॉपचे झाकण मिटून तासावर जावे आणि परत येऊन उघडावे, तर पडदा काळाच राहतो, असा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या काही अध्यापकांना येतो. यंत्र बळेच बंद करावे लागते आणि जतन न केलेले लेखन नष्ट होते. याचा दोष सरसकट लिनक्सच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो बहुधा प्रक्रियेतील एखाद्याच टप्प्यात असतो. तो टप्पा कसा ओळखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

निद्रेचे प्रकार :
इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकात निद्रेच्या अवस्था निश्चित केल्या आहेत. ‘एस-३’ या अवस्थेत प्रामुख्याने रॅमला वीज मिळत राहते. ‘एस-४’ मध्ये रॅममधील मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते. अलीकडील अनेक लॅपटॉपांत एस-३ ची सोयच नसते. तेथे ‘एस-टू-आयडल’ ही हलकी निद्रा वापरली जाते. तीत एखादे उपकरण पूर्णपणे शांत झाले नाही, तर बॅगेतच बॅटरी उतरते. कर्नलच्या ‘मेम-स्लीप’ या फाईलमध्ये उपलब्ध प्रकार दिसतात. त्यांपैकी चौकटी कंसातील प्रकार निवडलेला असतो, तर ‘डीप’ म्हणजे एस-३ होय.

प्रक्रियेचा क्रम :
एस-३ मध्ये जाताना कर्नल प्रथम चालू प्रोग्रॅम गोठवते, नंतर प्रत्येक ड्रायव्हरकरवी उपकरणे थांबवते, पुढे एक वगळता प्रोसेसरचे सर्व गाभे बंद करते आणि अखेरीस नियंत्रण फर्मवेअरकडे सोपवते. जागे होताना हाच क्रम उलट दिशेने घडतो. एका ड्रायव्हरने नकार दिला तरी निद्रा रद्द होते, आणि जागे होताना एखादा अडखळला तर संपूर्ण यंत्र ठप्प होऊ शकते.

दोषशोधन :
चाचणीपूर्वी सर्व काम जतन करावे. कर्नलमध्ये ‘पीएम-टेस्ट’ ही सोय समाविष्ट असल्यास ‘फ्रीझर’, ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ व ‘कोअर’ या टप्प्यांची क्रमाने परीक्षा घेता येते. यंत्र निवडलेल्या टप्प्यापर्यंत जाते, सुमारे ५ सेकंद थांबते व परत फिरते. ‘फ्रीझर’ यशस्वी होऊन ‘डिव्हायसेस’ अयशस्वी झाल्यास संशय ड्रायव्हरवर येतो. मग संशयित ड्रायव्हर एकेक करून काढावेत व चाचणी पुन्हा घ्यावी.

यंत्र पूर्ण ठप्प झाल्यास ‘पीएम-ट्रेस’ उपयोगी पडते. पुन्हा सुरू करताना रॅममधील नोंद टिकत नाही, म्हणून कर्नल शेवटच्या पायरीची खूण घड्याळाच्या चिपमध्ये ठेवते. त्यामुळे तारीख व वेळ बिघडते, परंतु पुढील वेळी कर्नलच्या नोंदींत अडखळलेल्या उपकरणाचा माग लागतो.

निष्कर्ष :
‘लॅपटॉप उठत नाही’ ही केवळ तक्रार होय. ‘डिव्हायसेस टप्प्यावर अमुक ड्रायव्हर अडतो’ हे मात्र निदान आहे, आणि अशा निदानावरच विकासकास दुरुस्ती करता येते. मुक्त प्रणालीत असे निदान करण्याची साधने वापरकर्त्याच्या हाती असतात. म्हणून यंत्र वा प्रणाली बदलण्यापूर्वी ही तपासणी करणे इष्ट ठरते.