देवासच्या एका घराची ऊब

यंदाच्या दिवाळीत कोपनहेगनला नोकरीस असलेली आमची भाची देवासला आली, ती मेणबत्त्यांचा एक भला मोठा पुडा घेऊन. पणत्यांच्या घरी मेणबत्त्या कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा तिने एक डॅनिश शब्द सांगितला : 'ह्यूगे'. डिसेंबरात त्या देशी दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. बाहेर काळोख आणि बोचरी थंडी. मग घरात चार जिवाभावाची माणसे, मंद उजेड, काही ऊन ऊन खाणेपिणे, आणि उठण्याची घाई कोणालाच नाही, अशा बसण्याला तो शब्द आहे. शब्द मुळात नॉर्वेकडचा; २०१६च्या सुमारास त्यावर इंग्रजी पुस्तकांची रीघच लागली. अशा निवांतपणातून माणसाला नवे काही सुचते, असे भाचीचे सांगणे होते.

सुचत असेलही. परंतु देवासात राहणाऱ्यास याचा दाखला शोधण्यासाठी समुद्रापार जावे लागत नाही.

कुमार गंधर्व १९४८च्या जानेवारीअखेर या गावी आले ते गाण्यासाठी नव्हे, जगण्यासाठी. वय अवघे तेवीस. क्षयाने फुप्फुस पोखरलेले. येथील कोरडी हवा मानवेल, एवढ्याच आशेवर मुंबई सोडलेली. गाणे तर दूरच, मोठ्याने बोलण्यासही मनाई होती. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा मुलगा बालवयातच मैफली गाजवून प्रा. बा. र. देवधरांकडे शिकलेला, त्याने आता वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून राहावयाचे होते. गाता येत नव्हते, म्हणून ते ऐकत राहिले. झाडांतले पक्षी, वारा, रस्त्याने जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी, दारी येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. यातूनच, रागाचे मूळ लोकधुनेत आहे, हा त्यांचा विचार पक्का होत गेला. मालवती, लगनगंधार, संजारी यांसारखे 'धुनउगम' राग पुढे आले, 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ साली निघाला. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या काळी नुकतेच मिळू लागले होते. त्याने प्राण वाचले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गायले, तेव्हा लांब श्वासाच्या ताना मागे पडून छोट्या, नेमक्या स्वराकृतींचे गाणे उभे राहिले होते.

येथे मला डॅनिश कल्पनेशी थोडे भांडावेसे वाटते. थंडीपासून बचावण्यासाठी तेथे दार लावून घ्यावे लागते, ते योग्यच. देवासच्या त्या खोलीची खिडकी मात्र उघडी होती आणि गल्ली आत येत होती. शिवाय तेथील स्वस्थता निवडलेली नव्हती, लादलेली होती. आणखी एक गोष्ट त्या गुळगुळीत पुस्तकांतून सहसा आढळत नाही : मंद दिवा दिसतो, घोंगडी दिसते, पण घर उबदार ठेवण्यासाठी खपणारे माणूस दिसत नाही. देवासच्या घरात ते माणूस भानुमतीबाई होत्या. स्वतः गाणे शिकलेल्या या बाईंनी शाळेत नोकरी करून संसार चालविला आणि वर शुश्रूषा केली. १९६१ साली त्या गेल्या. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घराचे नाव 'भानुकुल' आहे, ते त्यांच्याच नावावरून. नंतर वसुंधराताईंनी त्या घराची आणि गाण्याचीही साथ केली. कुमारजी १२ जानेवारी १९९२ रोजी निवर्तले, ते देवासचे म्हणूनच.

धारकडे पाहिले तर तेथे वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. एवढे नाव झालेला माणूस मुंबई सोडून पवारांच्या छोट्या राजधानीत येतो, स्टुडिओ थाटतो आणि तेथेच रमतो. १९६१ची 'पद्मश्री'ही त्यांना धारचे रहिवासी असतानाच मिळाली. लहान गावाचा संथपणा मातीकामास मानवत असावा.

केवळ सामानसुमानाने मात्र हे साधत नाही. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. राजवाड्यात नवी कोरी पियानो आणून ठेवली होती, पण एकही वाजत नव्हते, याची हकीकत त्यांनी १९५३च्या आपल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात मोठ्या गमतीने दिली आहे.

भाचीला हे सारे सांगितले. तिने विचारले, "मामा, ती बायकांची गाणी आता ऐकू येतात का हो?" मला पटकन उत्तर देता येईना. आमच्या गल्लीत आता चारचाकींची वर्दळ; दूरदर्शनसंचाच्या आवाजासाठी आम्ही खिडक्या लावून घेतो. सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "आपल्याकडे धुणे-भांडी करायला येते ना, तिच्या घरी लग्न आहे पुढच्या आठवड्यात. रात्री गाणी असतील. बोलावले आहे तिने. आपणच कधी जात नाही."

भाचीने परतीचे तिकीट चार दिवस पुढे ढकलले. मेणबत्त्यांचा पुडा आहेरासोबत न्यावा की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही.