जांभळी रेघ आणि मराठीतले ‘काढणे’

नुकते वाचू लागलेल्या मुलाच्या हाती आपण जे पुस्तक देतो, त्यात चित्राचे काम बहुधा साक्षीदाराचे असते. शब्द म्हणतो ‘कमळ’. शेजारचे चित्र म्हणते, होय, कमळच. मूल दोन्हींवर बोट ठेवते आणि पान उलटते. ही पद्धत उपयोगी आहे, पण तीत मुलाला स्वतःहून करण्यासारखे फारसे काही उरत नाही. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्सने प्रसिद्ध केलेल्या ‘हॅरल्ड अँड द पर्पल क्रेयॉन’ या लहानशा पुस्तकाने ही पद्धत मोडली. ती कशी मोडली आणि त्यात मराठी वाचकाने लक्ष द्यावे असे काय आहे, ते पाहण्यासारखे आहे.

पुस्तकाचे लेखक-चित्रकार क्रॉकेट जॉन्सन. हे टोपणनाव, मूळ नाव डेव्हिड जॉन्सन लिस्क (१९०६–१९७५). १९४२ पासून ‘पीएम’ या न्यूयॉर्कच्या दैनिकात येणाऱ्या ‘बार्नबी’ या चित्रमालिकेमुळे ते आधीच नावाजलेले होते. त्यांच्या पत्नी रूथ क्रॉस याही बालसाहित्यातल्या महत्त्वाच्या लेखिका. उत्तरायुष्यात जॉन्सन यांनी भूमितीच्या प्रमेयांवर शंभराहून अधिक चित्रे रंगवली. कमीत कमी रेषांत नेमके सांगण्याचा त्यांचा ध्यास हॅरल्डमध्येही दिसतो.

गोष्ट थोडक्यात अशी. अंगरख्यातल्या एका छोट्या मुलाला चांदण्यात फिरायला जायचे असते. चंद्र नाही, म्हणून तो हातातल्या जांभळ्या मेणखडूने चंद्र काढतो. चालायला रस्ता नाही, म्हणून रस्ता काढतो. हरवायला नको म्हणून एकाच झाडाचे जंगल काढतो. ते सफरचंदाचे निघते. मग सफरचंदे राखायला तो एक ड्रॅगन काढतो आणि त्याला स्वतःच घाबरतो. मागे सरकताना पाठीमागच्या हातातला खडू थरथरतो. त्या थरथरीच्या लाटा होतात आणि हॅरल्ड समुद्रात बुडू लागतो. घाईने काढलेली नाव त्याला वाचवते. पुढे तो आपली खिडकी दिसावी म्हणून उंच डोंगर चढतो, पण त्याने डोंगराची एकच बाजू काढलेली असते. दुसऱ्या बाजूला पाय टाकताच तो कोसळतो आणि पडता पडता फुगा काढून सावरतो.

इथे कल्पनेला मोकळीक आहे, पण ती बेबंद नाही. पुस्तकाचे नियम कडक आहेत. रेघ एका रंगाची. काढलेले पुसता येत नाही. चूक झाली तर पुढची रेघच तिच्यावर उपाय. जे काढले नाही ते अस्तित्वात नाही. हे नियम मजकुरात कुठेही सांगितलेले नाहीत. डोंगराला दुसरी बाजू का नाही, हे मुलाला चित्र वाचूनच कळते. म्हणजे अक्षरे नुकती जुळू लागलेल्या वयात हे पुस्तक त्याच्याकडून चक्क अनुमान करवून घेते.

भाषेचे कामही असेच चोख आहे. इंग्रजी मजकूर ‘मेक’ आणि ‘ड्रॉ’ या दोन साध्या क्रियापदांशी खेळतो. नाविकांच्या बोलीत जमीन ‘मेक’ करणे म्हणजे किनाऱ्याला लागणे. हॅरल्ड मात्र ती जमीन खरोखरच बनवतो. अंथरूण घालण्यालाही तेच क्रियापद, आणि इथे तो पलंगच चितारतो. ‘ड्रॉ’चे अर्थ दोन, चित्र काढणे आणि ओढणे. पांघरूण ओढून घेताना हॅरल्ड एकाच शब्दात दोन्ही करतो.

अशी कोटी मराठीत मरेल असे वाटते खरे. ‘रेखाटणे’ वापरले तर ती मरतेच. पण आपण रेघ ओढतो आणि पांघरूणही ओढतो. शिवाय घराची जी लागते, तीही ओढच. हॅरल्डची रात्रभरची भटकंती खिडकीच्या ओढीने चालते, आणि हा तिसरा अर्थ इंग्रजी शब्दात इतक्या सहज येत नाही. ‘काढणे’ तर याहून श्रीमंत. आपण चित्र काढतो, भीतीने पळ काढतो, अडचणीतून वाट काढतो, हरवलेल्याचा माग काढतो, शेवटी झोप काढतो. हॅरल्डची सारी रात्र या एका क्रियापदात मावते. ‘जमीन’वरची कोटी मात्र सुटते, किनारा आपण गाठतो, काढत नाही. एक जागा गमावून दोन मिळाल्या, असा हा हिशेब आहे.

‘काढणे’ म्हणजे आतले बाहेर आणणे. गोष्टीचा शेवट नेमका तोच आहे. हॅरल्ड अंदाजाने खिडक्या काढत सुटतो. घर, इमारती, अख्खे शहर होते, पण त्याची खिडकी सापडत नाही. वाटेतला पोलीस त्याला दिशा दाखवतो, पण हॅरल्ड निघालेला असतो त्याच दिशेला. मग त्याला आठवते, आपल्या खिडकीतून नेहमी चंद्र दिसतो. पहिल्या पानांपासून सोबत आलेल्या चंद्राभोवती तो खिडकीची चौकट काढतो आणि घरी पोहोचतो.

त्या काळी अमेरिकेतही वाचनपाठ म्हणजे ठरावीक शब्दांची घोकणी होती. ‘डिक अँड जेन’ छापाच्या या पुस्तकांवर जॉन हर्सी यांनी १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात टीका केली. १९५७ मध्ये डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ आले. त्याच वर्षी हार्परने नववाचकांसाठी ‘आय कॅन रीड’ ही माला सुरू केली आणि १९६० मध्ये हॅरल्डची एक गोष्ट तीत दाखल झाली.

आपल्याकडे शिक्षणाचा आरंभ गिरवण्याने होतो. वळण लागायला ते हवेच. पण चित्रकलेच्या तासालाही आपण गिरवतच राहतो: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी. त्या डोंगरांनाही दुसरी बाजू नसते. फरक इतकाच, की ते चढून पाहायला मुलाला कोणी सांगत नाही. मराठीत नववाचकांसाठी पुस्तक करणाऱ्याने शब्द सोपे ठेवावेतच. पण ‘काढणे’सारखा सोपा शब्द किती दूरवर नेतो, हे आधी ताडून पाहावे, आणि पानावर मुलाने काढण्यासारखे काही शिल्लक ठेवावे.