चाकणचे मुद्रितशोधक

संगणकाचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. तिथं शुद्धिपत्र दिसलं की पुस्तकावर विश्वास बसतो, नसेल तर संशय येतो. पहिल्यांदाच संगणकासमोर बसणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या पुस्तकात एकही चूक नाही, असं होतच नाही. शुद्धिपत्र नाही याचा अर्थ एवढाच, की चुका कुणी कळवल्या नाहीत, किंवा कळवल्या तरी कुणी छापल्या नाहीत.

हा नाद मला लागला तो चिंचवड स्टेशनजवळच्या एका रात्रीच्या क्लासमुळे. तिथं मी शिकवायला जायचो. फर्स्ट शिफ्ट उरकून भोसरीहून, चाकणहून मुलं यायची. बीड, लातूर, यवतमाळकडची. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहणारी. कुणाला एमएस-सीआयटी या संगणक परीक्षेचं सर्टिफिकेट हवं असायचं, कुणाला मशिनवरून उठून ऑफिसात बसायचं असायचं. पद्धत साधी होती. पुस्तक शेजारी ठेवायचं, त्यातली ओळ जशीच्या तशी टाइप करायची आणि पडद्यावर काय येतं ते पाहायचं. जशीच्या तशी, हे महत्त्वाचं. इंजिनिअरिंग कॉलेजचा मुलगा पुस्तकातली चूक वाचता वाचता मनातच दुरुस्त करून टाकतो आणि त्याला चूक होती हे कळतही नाही. चाकणचा ऑपरेटर तसं करत नाही. कागदावर आहे तेच करायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. म्हणून कागद चुकीचा असला की तो लगेच हात वर करतो.

पार्श्वभूमी घाईघाईतच सांगतो. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झालं. १९८१ मध्ये एमएस-डॉस, १९९१ मध्ये लिनक्स आणि १९९५ मध्ये ज्यामुळे घरोघरी माउस पोचला ते विंडोज ९५ आलं. अभ्यासक्रमाच्या पातळीवर आपल्याकडच्या लेखकांनी मोठं काम केलं. मुंबई आयआयटीचे धनंजय ढमढेरे आणि अच्युत गोडबोले यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची इंग्रजी पाठ्यपुस्तकं देशभर वापरली गेली. २००१ मध्ये एमकेसीएलची एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावापर्यंत संगणकवर्ग पोचले. त्यांच्या आगेमागे ‘संगणक शिका’ छापाच्या मराठी पुस्तकांचं पीक आलं. माझा विषय हे पीक.

वाचक कळवतात त्या चुकांतला सर्वांत मोठा ढीग शिळ्या माहितीचा असतो. पुस्तक म्हणतं, ‘स्टार्टवर क्लिक करा, मग सेटिंग्ज, मग कंट्रोल पॅनेल.’ विंडोज ९८ मध्ये हे अगदी बरोबर होतं. एक्सपीत स्टार्ट उघडला की कंट्रोल पॅनेल समोरच, मधलं सेटिंग्ज गायब. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. ते पुढच्या वर्षी ८.१ मध्ये परत आलं. ‘माय कॉम्प्युटर’चं व्हिस्टात नुसतं ‘कॉम्प्युटर’ झालं आणि पुढं ‘धिस पीसी’. पुस्तक मात्र आवृत्तीमागून आवृत्ती ‘माय कॉम्प्युटर’लाच धरून बसलेलं. लिनक्सच्या पुस्तकांचीही तीच गत. नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईटीएच शून्य’ असतं, असं छापलेलं असतं. २०१३ नंतर बहुतेक लिनक्सांमध्ये ही नावं बदलली. ‘स्वॅपसाठी रॅमच्या दुप्पट जागा ठेवा’ हा नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजायच्या काळातला. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो पाळणारा मुलगा मी पाहिला आहे. सोळा जीबी जागा अडवून तो बिचारा निश्चिंत होता.

अशी चूक एका पोरानं दाखवली तेव्हा वर त्याचा प्रश्नही होता. ‘सर, यावर ऑब्सोलीटचा शिक्का का नाही?’ कारखान्यात ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर असतो. नवी रिव्हिजन आली की जुनं ड्रॉइंग मशिनपासून काढून घेतात, शिक्का मारतात. जुन्या ड्रॉइंगवर माल काढला तर अख्खा लॉट रिजेक्ट. पुस्तकाच्या धंद्यात ही शिस्त नाही. आत एक्सपी आणि मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असा प्रकार सर्रास चालतो.

पण मला खरा रस आहे तो दुसऱ्या ढिगात. तो लहान आहे आणि जास्त घातक आहे. हा ढीग एका अक्षराच्या चुकांचा: एक टिंब, एक रेघ, एक मोकळी जागा.

उदाहरण घ्या. लिनक्समध्ये फाइलींची सविस्तर यादी पाहायला ‘एलएस’, मग जागा, मग छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी ‘एल’ असं लिहितात. (हा अंक देवनागरीत आहे म्हणून आदेश उच्चाराप्रमाणे छापतोय, कृपया ते असेच टाइप करू नका.) कीबोर्डवरची ती रेघ आखूड असते. पुस्तक जुळवणारं सॉफ्टवेअर तिला ‘शोभिवंत’ करतं, म्हणजे लांब डॅश करून टाकतं. डोळ्याला फरक जाणवत नाही, संगणकाला जाणवतो. त्याच्या लेखी लांब डॅश हा पर्याय नसतोच. तो त्याला फाइलचं नाव समजतो आणि ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर देतो. ई-पुस्तकातून आदेश उचलून चिकटवणारा विद्यार्थी मग फाइल शोधत बसतो. ‘सर, फाइल सापडत नाही म्हणतंय, कुठं ठेवलीय?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता पुस्तक न पाहताच डॅश असणार हे ओळखतो. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात, तिथंही हेच.

मराठी पुस्तकात आणखी खास आपल्या चुका असतात. पहिली आकड्यांची. मराठी मुद्रितशोधकाला शिकवलेलं असतं की मजकुरात आकडे देवनागरीच हवेत. तो इमानेइतबारे फाइलच्या परवानग्या बदलण्याच्या ‘सीएचमॉड’ आदेशापुढचे इंग्रजी आकडे बदलून ७५५ करतो. वाचक युनिकोडच्या कीबोर्डवरून तेच टाइप करतो आणि संगणक ‘हा मोड चालत नाही’ म्हणून झटकतो. दुसरी चूक फॉन्टची. युनिकोड येण्याआधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच देवनागरीचे तुकडे बसवत. पान जुळवणाऱ्यानं सगळा परिच्छेद निवडून त्याला मराठी फॉन्ट लावला की मधल्या इंग्रजी आदेशाचं काना-मात्रांचं कडबोळं होई. अशी पानं माझ्या संग्रहात आहेत आणि मी ती जिवापाड जपतो.

तिसरी चूक तर माझी लाडकी. ‘ॲप’ या शब्दातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चढवत. अजूनही कित्येक जण तसंच करतात. छापल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या दृष्टीनं मात्र ती वेगळी अक्षरं आहेत आणि एकाचा शोध घेतला तर दुसरं सापडत नाही. या दोन पद्धतींनी लिनक्सवर दोन फोल्डर केले तर एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मी हा प्रयोग पाहुण्यांना करून दाखवतो. पाहुणे चहा संपवून लवकर उठतात.

आता चाकणकडे येतो. तिथल्या पोरांची नजर अशा चुकांवर इतकी पक्की कशी, याचं उत्तर सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनमध्ये आहे. फॅनुक कंट्रोलच्या मशिनवर प्रोग्रामचं नाव इंग्रजी ‘ओ’ या अक्षरानं सुरू होतं आणि पुढं चार आकडे येतात. म्हणजे पहिल्याच ओळीत ‘ओ’ आणि शून्य मांडीला मांडी लावून बसतात. ती गल्लत करणारा पहिल्या आठवड्यातच शिव्या खातो. दशांश टिंबाचं तर विचारूच नका. नेहमीच्या सेटिंगमध्ये ‘एक्स’पुढं १० लिहून टिंब दिलं तर ते १० मिलिमीटर, आणि टिंब विसरलं तर १० मायक्रॉन, म्हणजे एक हजारांश. टूल भलतीकडे जातं, जॉब वाया जातो, नशीब वाईट असेल तर स्पिंडलही. रोज आठ तास असं काम करणाऱ्यासमोर संगणकाचं पुस्तक ठेवलं तर त्यातली रेघ लांब की आखूड हे त्याला दिसणारच.

चुका कळवण्याची त्यांची तऱ्हाही बघण्यासारखी. भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या क्वालिटीच्या मुलानं मला वहीचा कागद आणून दिला होता. त्यावर इन्स्पेक्शन रिपोर्टसारखे रकाने आखलेले: पान, ओळ, स्पेसिफिकेशन, ॲक्च्युअल, रिमार्क. ‘स्पेसिफिकेशन’मध्ये पुस्तकात काय छापलंय ते, ‘ॲक्च्युअल’मध्ये पडद्यावर काय आलं ते. रिमार्कमध्ये फक्त ‘रीवर्क’ किंवा ‘रिजेक्ट’. एका अख्ख्या प्रकरणापुढं त्यानं ‘रिजेक्ट’ लिहिलं होतं, आणि मला ते पटलं. तो कागद मी एका प्रकाशकाला पाठवला. उत्तर आलं नाही.

एका मोकळ्या जागेनं काय होतं त्याचा जगप्रसिद्ध दाखला २०११ चा आहे. लिनक्स लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स कार्डं सांभाळण्यासाठी ‘बंबलबी’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. इन्स्टॉल करताना तो ‘यूएसआर’ या मुख्य फोल्डरच्या आत खोलवरचा एक फोल्डर पुसून टाकायचा. त्या ओळीत ‘यूएसआर’नंतर चुकून एक जागा सुटली. आदेशाचे दोन तुकडे झाले, आणि पहिल्या तुकड्याचा अर्थ झाला, ‘यूएसआर’ सगळंच पुसा. त्यात बहुतेक सगळे प्रोग्राम असतात. ज्यांच्या लॅपटॉपचं वाटोळं झालं त्यांनी चूक कळवली. दुरुस्ती एका जागेची होती, आणि तिच्याखाली जगभरच्या लोकांनी चेष्टेचा पाऊस पाडला.

मुळात संगणकाचा जन्मच शुद्धिपत्राच्या वैतागातून झाला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. १८२१ मध्ये इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल आकडेमोडीचे तक्ते तपासत होते. चुकांनी वैतागून बॅबेजला वाटलं, हे वाफेच्या यंत्रानं का होऊ नये? पुढं १८३४ मध्ये डायोनिसियस लार्डनर या विज्ञानलेखकानं बॅबेजच्या आकडेमोडीच्या यंत्राची बाजू मांडताना एक गंमत सांगितली. टेलरच्या लॉगॅरिदमच्या तक्त्यांतल्या चुकांची यादी इंग्लंडच्या १८३२ च्या नाविक पंचांगात छापली गेली. त्या यादीत एक चूक निघाली. तिचं शुद्धिपत्र १८३३ च्या पंचांगात आलं. तेही चुकलं, म्हणून १८३४ मध्ये शुद्धिपत्राच्या शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र. हा किस्सा मी कुणालाही, कुठंही सांगू शकतो. आकुर्डीच्या बसथांब्यावरही सांगितला आहे.

या परंपरेतला माझा नायक डोनाल्ड नुथ. त्याच्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ चा. पुस्तकातली चूक पहिल्यांदा कळवणाऱ्याला तो २ डॉलर ५६ सेंटचा चेक द्यायचा. असा विचित्र आकडा का? २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत नेमका एक डॉलर. बहुतेकांनी ते चेक वटवले नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावले. २००८ पासून बँकेतल्या फसवणुकीच्या भीतीनं तो खरे चेक देत नाही. ‘सॅन सेरिफ’ या काल्पनिक देशातल्या बँकेचं प्रमाणपत्र देतो. आणि १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत आदेशांच्या पानांवर ‘बग्ज’ नावाचा मथळा होता. इथं काय बिघडलेलं आहे ते लेखक आपणहून सांगत. आपल्या प्रकाशकांना यातली कुठलीही गोष्ट परवडेल. नुथइतके पैसे नको, नव्या आवृत्तीची एक प्रत दिली तरी पुष्कळ.

शेवटी एक चूक, जी चूक आहे असं लेखकांना वाटतच नाही: न लिहिलेलं वाक्य. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर सहसा काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. कित्येक पुस्तकं नुसतं ‘पासवर्ड द्या’ म्हणून पुढं जातात. नवशिका कीबोर्ड बिघडला असं समजून उठतो. आमच्या क्लासात एकानं केबल काढून पुन्हा लावली, मग शेजारचा कीबोर्ड आणला आणि शेवटी पुस्तकात त्या ओळीपाशी पेन्सिलीनं लिहिलं, ‘इथं काही दिसणार नाही, टाइप करत राहा.’ त्या पुस्तकातलं सर्वांत उपयोगी वाक्य तेच होतं. अशी वाक्यं तज्ज्ञाला सुचत नाहीत. ज्याची अडचण झाली त्यालाच सुचतात, आणि म्हणून हस्तलिखित तपासायला एखादा प्राध्यापक नेमण्याऐवजी सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर नेमावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रकाशकांकडे माझं मागणं अर्ध्या पानाचं आहे. पुस्तक विंडोजच्या किंवा लिनक्सच्या कुठल्या आवृत्तीवर तपासलं ते पहिल्या पानावर छापा, आदेशांना वेगळा फॉन्ट आणि इंग्रजी आकडे द्या, चुका कळवायला पत्ता द्या आणि आलेल्या चुका पुढच्या आवृत्तीत छापा. आणि वाचकहो, पुस्तकाप्रमाणे करूनही जमलं नाही, तर आधी स्वतःच्या अकलेवर शंका घेऊ नका. पान, ओळ, तुम्ही काय टाइप केलं आणि पडद्यावर काय आलं, हे चार रकाने भरा आणि प्रकाशकाला पाठवा. पुस्तकाची आवृत्ती कुठली, तेही लिहा.