दहा ओळी, कट-पेस्ट आणि चांदबिबी

गेल्या दिवाळीत बहिणीकडे नगरला गेले होते. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून 'नगर'च आहे.) चौथीतली भाची वही घेऊन समोर उभी! 'मावशी, दहा ओळी लिहून दे ना. विषय आहे चांदबिबी महाल.'

मी काय केलं असेल? जे आपण ऑफिसात रोज करतो तेच. सर्च, कॉपी, पेस्ट. दोन मिनिटांत दहा ओळी तय्यार! भाचीनं त्या वाचल्या आणि विचारलं, 'अगं, पण यात तर लिहिलंय की ती सलाबतखानाची कबर आहे. मग हा चांदबिबीचा महाल कसा?'

माझी बोलती बंद.

खरी गोष्ट अशी की पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर दिसणारी ती अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत महाल नाहीच. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर. तो वारला १५८९ च्या सुमारास. चांदबिबीनं मुघलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवला तो १५९५-९६ मध्ये. तरीही अख्खा जिल्हा त्या इमारतीला 'चांदबिबी महाल' म्हणतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथे गेलो. भाचीनं वहीच्या पानावर तीन रकाने आखले : मी पाहिलं, मी ऐकलं, मी वाचलं. तळघरातली थडगी पाहून तिनं पहिल्या रकान्यात लिहिलं, 'खाली थडगी आहेत. महालात थडगी कशाला असतील?' मॅडम, याला म्हणतात पुरावा!

दोन तास, दोन दुनिया

आता जरा आपली शाळा आठवा. इतिहासाच्या तासाला काय होतं? सनावळ्या, गाळलेल्या जागा, एका वाक्यात उत्तरे. आणि मराठीच्या तासाला निबंध : 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'मी पंतप्रधान झालो तर'. माहिती गोळा करणं, ती तपासणं, आपल्या शब्दांत सरळ मांडणं, हे कुठल्या तासाला शिकवलं? कुठल्याच नाही!

आणि नोकरीत आपण लिहितो काय? मेल, रिपोर्ट, प्रपोजल, मीटिंगचे मुद्दे. सगळं नॉन-फिक्शन! पहिल्या अप्रेझलला 'तुझा रिपोर्ट वाचून नेमकं काय झालं ते कळत नाही' असं ऐकून घेतलेल्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे. मला तर चांगलंच माहीत आहे.

म्हणूनच इतिहासाचा तास आणि लेखनाचा तास प्राथमिक शाळेतच जोडायचा, हा फंडा मला पटतो. विषय कुठे शोधायचा, असा प्रश्न निदान नगरला तरी पडू नये. संगमनेरजवळचं जोर्वे असं गाव आहे, की त्याच्या नावानं एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. जामखेड तालुक्यात अहिल्याबाईंचं चौंडी आहे आणि १७९५ च्या लढाईचं खर्डा. नगरच्या किल्ल्यात तर कैदेत असताना नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. आणि यातलं काहीच जवळ नसेल, तर गावची बारव आहे, वेशीवरचा वीरगळ आहे, १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी आहे.

चौदा वर्षांची लेखिका

'एवढ्याशा पोरांना काय जमणार?' असं वाटतंय? मग ही गोष्ट ऐका. तिचा धागा नगरलाच सुरू होतो.

१८४८ मध्ये जोतिराव फुले नगरला आले आणि अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून भारावून गेले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. शिक्षिका होण्याचे धडे सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे घेतले. पुढे फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं तेही नगरलाच!

मुक्तानं त्यात काय केलं पाहा. पेशवाईत आपल्या लोकांना इमारतींच्या पायांत पुरलं जाई, तालीमखान्यावरून गेलं तरी जीव जाई, हे तिनं सांगितलं. मग इंग्रजी अमलात काय बदललं ते मांडलं. डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल लिहिले. आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल केला. आणि शेवटी आपल्या माणसांना शिकायला सांगितलं. तेव्हा काय होतं, आता काय आहे, पुढे काय करायचं : इतका स्वच्छ आराखडा आपल्या किती रिपोर्टांत असतो?

तिच्या लोकांचा इतिहास कुठल्याही धड्यात नव्हता. तिनं लिहिला म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो. मुलांना माहितीपर लिहायला शिकवणं हा फक्त मार्कांचा मामला नाही, तो एवढ्यासाठी.

वर्गात कसं जमवायचं?

पहिली गोष्ट, मुलांना विषय नको, प्रश्न द्या. 'आपला किल्ला' असं सांगितलं की कट-पेस्ट आलंच. 'किल्ल्याभोवती खंदक का खणला असेल?' असं विचारलं की डोकं चालतं. मग तीन रकाने. मग जमवलेलं शेजारच्याला तोंडी सांगणं, कारण जे धड बोलता येत नाही ते लिहिताही येत नाही. मग लिहिणं. आणि शेवटी शेजारच्यानं प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, 'हे कशावरून?' उत्तर नसेल तर वाक्य खोडा, किंवा सुरुवातीला 'लोक म्हणतात' जोडा.

हा जादूचा दिवा मात्र नाही हं! अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या दुसरीच्या वर्गांत समाजशास्त्र आणि माहितीपर वाचन-लेखन एकत्र शिकवून पाहिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची विषयाची समज वाढली, वाचनही सुधारलं. लेखनात मात्र सरसकट फरक दिसला नाही. ज्या शिक्षकांनी आखलेले तास जास्त नेटानं घेतले, त्यांच्या वर्गांत लेखनाचं चित्र बरं होतं. म्हणजे सहल काढली, फोटो काढले आणि 'आता लिहा' म्हटलं, एवढ्यानं भागत नाही. खोडायला आणि पुन्हा लिहायला वेगळा वेळ द्यावाच लागतो. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत बाईंना तो मिळतो का, खरी अडचण तिथेच आहे.

भाचीचं काय झालं? माझ्या गुळगुळीत दहा ओळी तिनं परत केल्या. स्वतःच्या सातच ओळी वहीत उतरवल्या, त्याही दोनदा खोडून. 'मार्क कापले तर?' मी विचारलं. 'कापू देत. पण बाईंनी विचारलं, हे कशावरून, तर मला सांगता येईल ना!'

तिची सातवी ओळ अशी होती : 'याला महाल का म्हणतात ते मला अजून कळलं नाही, मी आजीला विचारणार आहे.'